तीस जानेवारीची संध्याकाळ प्रार्थनेला द्या
पालघरच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

मा. जिल्हाधिकारी, पालघर यांस,


दर वर्षी ३० जानेवारीला सकाळी अकरा वाजता भोंगा होतो, कार्यालयांत माणसं जागच्या जागी उभी राहतात, दोन मिनिटं शांततेत जातात आणि कामकाज पुन्हा सुरू होतं. ही शांतता देशासाठी प्राण दिलेल्या सगळ्यांसाठी आहे. ती राहायलाच हवी. माझी मागणी तिच्यात भर घालण्याची आहे. गांधीजी गेले ते संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास, आणि प्रार्थनेला जाताना गेले. सरदार पटेलांशी बोलणं लांबलं होतं, दहाएक मिनिटांचा उशीर झाला होता, म्हणून आभा आणि मनू यांच्या खांद्यांवर हात ठेवून ते भराभर हिरवळ ओलांडत होते. प्रार्थनेला उशीर झाल्याची चुटपुट त्यांच्या अखेरच्या बोलण्यातही होती. त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता पालघरला हुतात्मा स्तंभाजवळ आणि बोईसरला एखाद्या मोकळ्या मैदानात सर्वांसाठी खुली प्रार्थनासभा भरावी, प्रशासनानं तिला जागा आणि परवानगी द्यावी आणि आपण स्वतः येऊन बसावं, एवढ्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

मी बोईसरमध्ये शिक्षिका होते. गांधीजींच्या प्रार्थनेविषयी शाळेत आम्ही मुलांना काय सांगत आलो, ते मला ठाऊक आहे. चष्मा, काठी, चरखा आणि जोडीला प्रार्थना. जणू सत्याग्रह, तुरुंग, वाटाघाटी हे त्यांचं खरं काम आणि प्रार्थना ही म्हाताऱ्या माणसाची सवय. त्यांचं आयुष्य जरा नीट वाचलं की हे टिकत नाही. अटक होण्याआधी प्रार्थना, उपास सुरू करताना प्रार्थना, उपास सुटताना प्रार्थना, दंगलीच्या गावात शिरल्यावर प्रार्थना. निर्णय घ्यायचा असला की ते आधी गप्प बसत आणि मग बोलत. त्यांचं राजकारण प्रार्थनेतून आलेलं आहे, आणि प्रार्थना बाजूला काढली तर त्या राजकारणाचे अनेक दुवे लागतच नाहीत.

आपल्या जिल्ह्यातून गेलेल्या एका गाडीचीच गोष्ट घ्या. ६ एप्रिल १९३० ला दांडीला मीठ उचलल्यावर गांधीजी जवळच्याच कराडी गावी आमराईत, झावळ्यांच्या झोपडीत राहत होते. ४ मे संपून ५ मे लागला होता. रात्री पाऊण वाजता मॅजिस्ट्रेट शस्त्रधारी शिपाई घेऊन आले. विजेरीचा झोत तोंडावर पडून गांधीजींना जाग आली. अटक १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखाली होती; म्हणजे खटला नाही, शिक्षेची मुदत नाही, सरकारच्या मनात असेल तितके दिवस आत. गांधीजींनी दात घासायला वेळ मागून घेतला. मग पंडित खऱ्यांना भजन म्हणायला सांगितलं. नरसी मेहत्यांचं भजन, खरा वैष्णव कोण ते सांगणारं. मंडळी माना खाली घालून उभी राहिली. भजन संपेपर्यंत ब्रिटिश सरकारची अटक थांबून राहिली.

तिथून त्यांना आगगाडीनं बोरिवलीला आणलं आणि बोरिवलीहून मोटारीनं येरवड्याला. नवसारीकडून बोरिवलीला येणाऱ्या गाडीला दुसरी वाट नाही. डहाणू, वाणगाव, बोईसर, पालघर ओलांडूनच तिला जावं लागतं. आश्रमात पहाटेची प्रार्थना ज्या सुमाराला होत असे, त्याच सुमाराला ही गाडी आपल्या खाडीपुलांवरून, मिठागरांच्या बाजूनं जात होती, आणि मिठासाठी पकडलेला माणूस आत बसलेला होता. आपल्या स्टेशनांत या पहाटेची एक पाटीसुद्धा नाही. आपल्या अखत्यारीत बसत असेल तर रेल्वेकडे तेवढा पाठपुरावा आपण जरूर करावा.

भजन म्हणणारे पंडित नारायण मोरेश्वर खरे हे आपले मराठी. विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. साबरमतीच्या आश्रमातल्या प्रार्थनेला सूर लावला तो त्यांनी, ‘आश्रम भजनावली’ जमवली ती त्यांनी, आणि त्या भजनावलीत गुजराती-हिंदी भजनांच्या शेजारी मराठी अभंगांना जागा मिळाली. दांडीयात्रेत ते पहिल्या तुकडीबरोबर चालले. गांधीजींच्या प्रार्थनेचा आवाज कितीतरी वर्षं एका मराठी गायकाचा होता, ही गोष्ट आपल्याकडच्या गाण्याच्या मैफिलींतही फारशी कुणी सांगत नाही. आणि ३० जानेवारीला प्रार्थनेच्या वाटेवर पिस्तूल घेऊन उभा राहिलेलाही मराठीच होता, पुण्याहून गेलेला. ही सभा मराठी मुलखात व्हावी असं मला वाटतं, त्याचं हेही एक कारण आहे.

पुढचा धागा सरळ आपल्या हुतात्मा स्तंभापर्यंत येतो. ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत बिर्ला हाऊसमध्ये पोलीस आले, तेव्हाही निघण्याआधी प्रार्थना झाली. तेच भजन झालं आणि कुराणातल्या आयताही म्हटल्या गेल्या. गांधीजींनी बरोबर घेतलं ते एवढंच: गीता, आश्रमाची भजनावली, कुराण, उर्दू शिकायचं पुस्तक आणि सूत काढायची धनुष तकली. मागे राहिलेल्या देशाला त्यांनी करेंगे या मरेंगे सांगितलं होतं. पाच दिवसांनी, १४ ऑगस्टला, पालघरच्या कचेरीवर मोर्चा आला, गोळीबार झाला आणि पाच जण पडले. पागधरे, ठाकूर, चुरी, मोरे, तिवारी. नुसती आडनावं वाचली तरी किनाऱ्यावरची, वाडीतली, उत्तरेकडून येऊन इथलीच झालेली माणसं त्या एका दगडावर शेजारी शेजारी दिसतात. सभेसाठी मी हीच जागा का मागते, हे आपल्या ध्यानात येईल.

आता ही प्रार्थना होती कशी, ते थोडं सविस्तर सांगते, कारण सभा कशी असावी हे त्यावरूनच ठरणार आहे.

लहानपणी गांधीजींना भुताखेतांची भीती वाटे. घरातल्या रंभा नावाच्या दाईनं त्यांना सांगितलं, रामनाम घे. एका मोलकरणीनं दिलेला हा उपाय जन्मभर पुरला. पुढे आश्रमात पहाटे आणि संध्याकाळी प्रार्थना ठरली. संध्याकाळी गीतेच्या दुसऱ्या अध्यायातले स्थितप्रज्ञाचे १९ श्लोक, भजन, रामधून. मग हजेरी. ज्याचं नाव पुकारलं जाई त्यानं त्या दिवशी सूत किती काढलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. मला ही हजेरी फार मोलाची वाटते. डोळे मिटून बसलेल्या माणसाला लगेच विचारलं जाई, आज हातानं काय केलंस? आमच्या तारापूर एमआयडीसीत पाळीवर आलेला एखादा कामगार यंत्र सुरू करण्याआधी त्याला हात लावून तो कपाळाला लावतो. त्याचं नाव राम असो, रहीम असो, तो ओडिशातून आलेला असो की गोरखपूरकडून. या हजेरीचा अर्थ त्याला समजावून सांगावा लागणार नाही.

प्रार्थना पहिल्यापासून सर्वधर्मीय वगैरे ठरवून बनवलेली नव्हती. ती माणसांमुळे वाढत गेली. सेवाग्रामला एक जपानी बौद्ध भिक्षू राहायला आला. तो रोज ढोलकं वाजवत आपला मंत्र म्हणे. महायुद्धात जपान शत्रू ठरल्यावर पोलीस त्याला घेऊन गेले. माणूस गेला, पण त्याचा मंत्र आश्रमाच्या प्रार्थनेच्या सुरुवातीला कायम राहिला. आगाखान पॅलेसच्या कैदेत डॉ. गिल्डर बरोबर होते, त्यांच्यामुळे पारशी प्रार्थना आली. मुसलमान आश्रमवासींमुळे कुराणातल्या आयता आल्या. ख्रिस्ती स्नेह्यांमुळे ख्रिस्ती स्तोत्रं आली. म्हणजे ज्याच्याबरोबर जेवायचं, ज्याच्याबरोबर तुरुंगात राहायचं, त्याची प्रार्थना आपल्या प्रार्थनेत घ्यायची, इतका साधा हिशेब होता.

हा हिशेब आपल्या जिल्ह्याला जसा लागू पडतो तसा फार थोड्या जिल्ह्यांना लागू पडेल. १ ऑगस्ट २०१४ ला हा जिल्हा झाला तेव्हा नकाशावर नवी रेघ आली, पण आतली वस्ती किती जुनी आहे! संजाण पडल्यावर पारशांनी आपला पवित्र अग्नी बारा वर्षं जपला तो बाहरोटच्या डोंगरातल्या गुहांत. तारापूरला पारशांची अग्यारी आहे. चिंचणी-तारापुरात मशिदी आहेत, वसईत पोर्तुगीज काळापासूनची चर्च आहेत. सातपाटीचा कोळी होडी पाण्यात घालताना नारळ देतो. बोईसरच्या तलावाकाठी छठला बायका अर्घ्य देतात. आणि या सगळ्यांच्या आधीपासून वारली आहेत. त्यांच्यात नवं पीक आलं की कणसरीला दिल्याशिवाय कुणी घास घेत नाही, आणि लग्न लावते ती धवलेरी, गाणी म्हणत, म्हणजे पौरोहित्य बाईकडे आहे. डहाणूच्या महालक्ष्मीच्या गडावर चैत्री पौर्णिमेच्या रात्री ध्वज नेण्याचा मान आदिवासी पुजाऱ्याचा. देशभरच्या ‘सर्वधर्म’ सभांत पाच-सहा धर्मांचे प्रतिनिधी हार घालून बसलेले असतात, त्यांत धवलेरी कधी दिसत नाही. आपल्या सभेची सुरुवात तिच्या गाण्यानं व्हावी. तिच्या संमतीनं, आणि तिला शोभेची वस्तू न करता.

पण गांधीजींच्या प्रार्थनेतली सर्वांत मोठी गोष्ट मला याहून वेगळीच वाटते, आणि खरं म्हणजे तिच्यासाठीच मी लिहायला बसले. त्या प्रार्थनेत ‘नको’ म्हणणाऱ्याला जागा होती.

१९४७ चा एप्रिल. पंजाबात कत्तली होऊन गेलेल्या. गांधीजी दिल्लीत वाल्मीकी वस्तीतल्या देवळापाशी उतरले होते. संध्याकाळच्या प्रार्थनेत कुराणातल्या आयता सुरू होताच कुणीतरी उठलं: हे हिंदूंचं देऊळ आहे, इथे हे चालणार नाही. जमलेल्या लोकांना राग आला, त्या माणसाला बाहेर काढा म्हणून गलका झाला. हजारांचा जमाव एका बाजूला आणि एक-दोन माणसं एका बाजूला. सभा गांधीजींची, जमाव त्यांच्या बाजूचा. त्यांनी नुसतं गप्प राहायचं होतं. त्यांनी लोकांना खाली बसवलं, त्या माणसाला हात लावायचा नाही म्हणून बजावलं आणि प्रार्थनाच थांबवली. दुसऱ्या दिवशी आल्या आल्या विचारलं, कुणाची हरकत आहे का? हरकत होती. प्रार्थना झाली नाही. कुराणाचा भाग गाळून बाकीची उरकावी, हा सोपा मार्ग होता. तो त्यांनी घेतला नाही, कारण मग ती त्यांची प्रार्थनाच राहिली नसती. बहुमताच्या जोरावर ती म्हणावी, हा दुसरा सोपा मार्ग. तोही घेतला नाही, कारण एकाला दडपून म्हटलेली प्रार्थना कुठल्या देवाला पोचणार? असं काही संध्याकाळी चाललं. शेवटी हरकत घेणारेच मागे सरले आणि प्रार्थना पुरती झाली, आयतांसकट.

साहेब, या प्रसंगातला पेच आपल्याला रोजच्या कामात भेटत असेल. एका बाजूला ठाम राहायचं आणि दुसऱ्या बाजूला विरोध करणाऱ्याच्या केसालाही धक्का लागू द्यायचा नाही. वाढवण बंदराचंच बघा. एकाच तालुक्यातली माणसं दोन बाजूंना आहेत, आणि दोन्ही बाजूंचे लोक आपल्या दारात येतात. अणुवीज केंद्रासाठी अक्करपट्टी आणि पोफरण उठली, त्या लोकांच्या मनातली सल आपल्या दप्तरात असेलच. मी त्या वादांत शिरत नाही. मात्र ज्यांचं एकमेकांशी पटत नाही अशी माणसं अर्धा तास एका सतरंजीवर गप्प बसू शकतात, हे या जिल्ह्यानं एकदा पाहायला हवं.

आणि जमावाविषयी बोलताना गडचिंचल्याचं नाव टाळून कसं चालेल? १६ एप्रिल २०२० च्या रात्री, टाळेबंदीत, चोर आल्याच्या अफवेवरून दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक जमावानं मारले. नंतर देशभर त्यावर इतकं बोललं गेलं की बाहेरच्यांना आपल्या जिल्ह्याची ओळख तेवढीच उरली. प्रार्थनासभा असती तर ते टळलं असतं, असं म्हणण्याइतकी मी भाबडी नाही. पण गेलेल्या तिघांसाठी, आणि त्या रात्रीनंतर भीतीत आणि बदनामीत जगलेल्या गावांसाठीही, या जिल्ह्यातल्या माणसांनी मिळून शांत बसण्याची एक जागा अजून झालेली नाही. ३० जानेवारीला ती होऊ शकते.

श्रद्धेविषयी लिहिताना एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. जानेवारी १९३४ मध्ये बिहारला मोठा भूकंप झाला. गांधीजी म्हणाले, ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे. रवींद्रनाथांनी कडक शब्दांत विरोध केला: निसर्गाच्या घडामोडीला पाप-पुण्याशी जोडणं अविवेकाला खतपाणी घालणं आहे. या वादात रवींद्रनाथ बरोबर होते, असं मी स्वच्छ म्हणते. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या आसपास, डहाणू-तलासरीत, धक्क्यांमागून धक्के बसत आले आहेत; लोकांनी थंडीत घराबाहेर तंबूत रात्री काढल्या. त्यांना कुणी जाऊन म्हणालं असतं की हा कोप आहे, तर तो त्यांच्यावर अन्यायच झाला असता. तिथे भूकंपमापक लागतो, पक्कं घर लागतं. श्रद्धा मोठ्या माणसालाही चुकवू शकते. पण त्याच गांधीजींनी रवींद्रनाथांचा तो विरोध स्वतःच्या ‘हरिजन’मध्ये छापला. आपल्याविरुद्धचं म्हणणं आपल्याच पत्रात, अख्खं. देवळातल्या त्या हरकत घेणाऱ्याला बसू देणारा माणूस तेरा वर्षं आधी हेच करत होता.

देव न मानणाऱ्यांचं काय, हा प्रश्न मला आमच्या इथल्या अणुकेंद्रातून निवृत्त झालेल्या एका स्नेह्यांनी विचारला. योग्यच आहे. आंध्रातले गोरा हे कट्टर निरीश्वरवादी. ते सेवाग्रामला येऊन राहिले, गांधीजींशी वाद घालत राहिले. त्यांच्या मुलीचं दलित तरुणाशी आश्रमात लग्न ठरलं, तेव्हा शपथेत देवाच्या जागी सत्य म्हणायला गांधीजी तयार झाले. लग्न झालं ते त्यांच्या मृत्यूनंतर, मार्च १९४८ मध्ये. तेव्हा आपल्या सभेत ज्याला कुठलंच नाव घ्यायचं नाही, त्यानं नुसतं बसावं. तेही पुरे आहे.

कायद्याची बाजू आपण माझ्याहून अधिक जाणता. राज्यघटनेचं कलम २८ सरकारी खर्चानं चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षणाला मनाई करतं आणि इतर मान्यताप्राप्त संस्थांतही संमतीशिवाय कुणाला उपासनेला बसवता येत नाही. म्हणूनच मी शाळांचं नाव घेतलेलं नाही. मुलांच्या रांगा आणू नयेत, शिक्षकांवर हजेरीची सक्ती नको, परिपत्रक तर नकोच. सक्तीनं भरलेल्या मैदानाला गांधीजींची प्रार्थना म्हणणं बरं दिसणार नाही. येईल तो येईल. पहिल्या वर्षी पन्नास माणसं आली तरी चालतील.

सभेचं स्वरूप मनात आहे ते असं. व्यासपीठ नाही, खुर्च्या नाहीत, मान्यवरांची यादी नाही. सतरंज्या घालायच्या आणि आपणही त्यावरच बसायचं. चप्पल काढण्याच्या जागी सगळ्यांच्या चपला एकत्र. कर्णा नको, गाणाऱ्यांनी मोकळ्या गळ्यानं गावं. धवलेरीचं गाणं, गीताईतले श्लोक, अभंग, बायबलमधला उतारा, कुराणातल्या आयता, त्रिसरण, पारशी प्रार्थना, छठचं गाणं. क्रम दर वर्षी चिठ्ठ्या टाकून ठरवावा, म्हणजे पहिलं कोण, शेवटचं कोण यावरून रुसवे नकोत. पहिला मान मात्र धवलेरीचा. मध्ये पाच मिनिटं शांतता. आरंभी एकच प्रश्न जाहीर विचारायचा: कुणाची हरकत आहे? असेल तर त्यानं उभं राहून सांगावी. बाकीच्यांनी ऐकावी आणि त्यासाठी त्या दिवशी प्रार्थना थांबवावी लागली तर थांबवावी.

आणि शेवटी हजेरी. गांधीजींच्या अखेरच्या महिन्यांत दिल्लीतल्या प्रार्थनेनंतरचं बोलणं आकाशवाणीवरून देशभर ऐकू येई. त्यांत मोक्षाच्या गोष्टी कमी आणि धान्यावरचं नियंत्रण, निर्वासितांना ब्लँकेटं, साफसफाई यांच्या गोष्टी जास्त. आपल्याकडे भाषण नको, पण ज्याला वाटेल त्यानं दोन वाक्यांत सांगावं, की त्यानं गेल्या वर्षात दुसऱ्यासाठी हातानं काय केलं. एखादी आशाताई सांगेल, एखादा रिक्षावाला सांगेल. आपणही सांगावं, ही विनंती.

बंदोबस्ताविषयी एक शब्द. २० जानेवारी १९४८ ला प्रार्थनासभेत बॉम्ब फुटला. गांधीजींनी लोकांना शांत केलं, प्रार्थना चालू ठेवली आणि त्या पकडलेल्या तरुणाचा द्वेष करू नका म्हणून सांगितलं. प्रार्थनेला येणाऱ्यांची झडती घ्यावी असं सरकारला वाटत होतं. त्यांनी ती घेऊ दिली नाही. त्याची किंमत दहा दिवसांनी मोजली गेली. आजच्या काळात पोलीस नकोतच, असा हट्ट मी धरत नाही. आपल्यावरची जबाबदारी मला समजते. मात्र जे पोलीस येतील त्यांनाही बसायला सतरंजी असावी आणि त्यांच्यापैकी कुणाला गायचं असेल तर त्यांची चिठ्ठीही टोपलीत पडावी.

परवानगीचा रीतसर अर्ज या पत्राच्या प्रतीसह आपल्या आवक-जावक कक्षात देत आहे. बोईसरच्या मैदानासाठी स्थानिक संस्थेचा ठराव लागेल का, ध्वनिक्षेपक नसताना पोलिसांचं ना-हरकत पत्र घ्यावं लागतं का आणि हुतात्मा स्तंभाजवळ संध्याकाळी अर्धा तास वाहतूक वळवता येईल का, या तीन गोष्टी डिसेंबरअखेरपर्यंत कळल्या तर पुढची धावपळ आम्ही करू. सतरंज्या आम्ही जमवतो.

आपली,
बोईसरची एक निवृत्त शिक्षिका